ट्रॅक्टरच्या शेडखालचा हाली रुपया

चिंचेचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला राग येतो. वर्षभर हा राग कुठं जाऊन बसतो कोण जाणे, पण सोयाबीन मोंढ्यात विकायला गेलं, पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला, पहाटे पायाशी ठेवलेली चादर वर ओढावीशी वाटायला लागली, की तो परत येतो. दिवाळीला आमंत्रण लागत नाही. त्यालाही लागत नाही.

परवा कचेरीतून घरी येत होते. आम्ही राहतो जुन्या जालन्यात, मस्तगडात. सराफाच्या दुकानापुढं ही गर्दी. काचेत चांदीची नवी नाणी मांडलेली, प्रत्येकावर लक्ष्मी आणि प्रत्येक लक्ष्मी प्लास्टिकच्या पिशवीत बंद. सराफ ओळखीचे. मला बघून म्हणाले, ‘ताई, तुमच्या जाफराबादकडं हाली निघतात म्हणे. असतील तर दाखवा की. वितळवायला न्हाई, जशाला तसे घेतो. शौकीन लोक हायेत.’

मी म्हटलं, ‘होते. आमचे बरेचसे कामाला लागलेत.’

‘कामाला?’

‘हो ना. एक फ्लॅट उचलून धरतोय, एक खताचं दुकान सांभाळतोय. एक ट्रॅक्टरवर आहे.’

ते नुसते हसले. बाईचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असणार. फिरलंच आहे, त्यात काय लपवायचं?

हाली म्हणजे निजामाच्या राज्यातला चांदीचा रुपया. इंग्रजाचा तो कलदार आणि आपला तो हाली, असं जुनी माणसं बोलायची. एका अंगाला चारमिनार, दुसऱ्या अंगाला उर्दू अक्षरं. ती अक्षरं आमच्या घरात आजपर्यंत एकालाही वाचता आलेली नाहीत, पण ‘आमच्या घराण्याची लक्ष्मी’ म्हणून छाती मात्र सगळ्यांची फुगते. जालन्याच्या आसपास कुठलंही पडकं घर उकला, कुठलाही पाया खांदा, कुणाला तरी मडकं सापडल्याची गोष्ट ऐकायला मिळणारच. त्यातल्या निम्म्या थापा असतात. आमची खरी आहे, आणि खरी असल्यामुळंच ती सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आमचा आजा मेंढरं घेऊन फिरणारा धनगर. आज ह्या रानात वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, उद्या त्या रानात. पोरंबाळं मोठी व्हायला लागली तसा तो फिरून फिरून थकला आणि जाफराबादजवळच्या एका गावात त्यानं पडक्या घराची जागा विकत घेतली. भिंती कधीच बसलेल्या, नुसता मातीचा ढीग. तो उपसून तिथं आमचं घर बांधायचं होतं. गवंड्याला द्यायला पैसा कुठला? घरच्यांनीच पाया खांदायला घेतला. आजा टिकाव मारायचा, बाकीचे घमेल्यांनी माती वाहायचे. गयाआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. तेव्हा परकरातली पोर होती. चराच्या कोपऱ्यात एक दगड हलत नव्हता, त्याच्या बुडाशी टिकाव पोचेना, म्हणून तिला खुरपं देऊन खाली उतरवलं. खुरप्याऐवजी तिचा हात आत गेला तो पोकळीत. फुटक्या मडक्याचा गळा हाताला लागला.

ती ओरडली वगैरे नाही. हाताला आलं ते ओच्यात भरलं, वर चढली आणि आज्याला म्हणाली, ‘आबा, बटनं निघाली बघा.’

काळीठिक्कर पडलेली ओंजळभर बटणं. आज्यानं एक धोतराला घासलं आणि तो तिथंच चरात मटकन खाली बसला. मग त्यानं दोन गोष्टी केल्या. त्या दोन्ही आमच्या घरात दर दिवाळीला सांगतात, फक्त एक मोठ्यानं आणि एक हळू. मोठ्यानं सांगतात ती अशी, की आजा म्हणाला, जमिनीनं दिलं, जमिनीला त्यातलं परत दिलं पाहिजे, आणि त्यानं त्यातलाच एक रुपया त्या चरात ठेवून वर दगड बसवला. आपल्या घरातलं कुणीही कुठंही भिंत उभी करील तर पायाच्या चरात ह्यातला एक रुपया घालील, अशी रीत त्यानं तिथंच घालून दिली. हळू ती दुसरी, ती एकटी आत्या सांगते. त्यानं आत्याचा मातीनं भरलेला हात धरला आणि म्हणाला, ‘लक्ष्मी माझ्या लेकीच्या हातानं आली.’ ही दुसरी गोष्ट मला घरात बाकी कुणीच सांगितली नाही. मला ती आत्यानंच सांगितली. बाकीच्यांना आठवत नाही म्हणे. बरं असतं असं विसरणं.

बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं, आणि आठ दिवसांत अख्ख्या गावाला कळलं. काय करणार, गाव आहे.

त्या आत्याचं पुढं लग्न झालं, तालुक्यापलीकडं दिली. ‘दिली तिथं मेली’ असं आपल्याकडं लेकीबद्दल किती सहज बोलतात! हिला तिथं मरूसुद्धा दिलं नाही. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला एक पत्र्याची पेटी देऊन बैलगाडीत बसवलं. तेव्हापासून ती आमच्या घरात. धान्याच्या खोलीत कणगीला लागून तिचं अंथरूण. पहाटे उठून शेरडांच्या धारा, दिवसा कापूस, संध्याकाळी आम्हा पोरींच्या वेण्या. माझे केस आईनं कधी विंचरल्याचं मला आठवत नाही. आत्याची बोटं आठवतात, कापसाच्या बोंडांनी फाटलेली. केसांत अडकायची ती.

आणि दिवाळी! काय सांगू? अंगणात शेणाच्या सड्याचा वास, चुलीवर कानवल्यांचं तळण, गुरांना ओवाळायला पोरांनी लव्हाळ्याच्या विणलेल्या दिवट्या. ओसरीत कापसाचा ढीग, त्यात उडी मारली की नाकात धागे जायचे आणि आई पाठीत धपाटा घालायची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी बाबा कोनाड्यातली कापडी थैली काढून आत्यापुढं ठेवायचे. आत्या अंगणात उन्हाला पाठ करून बसायची, पुढं पितळेची परात, एका वाटीत भिजवलेली चिंच. एकेक रुपया घ्यायचा, चिंचेत बुडवायचा आणि अंगठ्यानं घासायचा. आधी काळं पाणी निघायचं, मग राखाडी, मग हळूहळू चारमिनार वर यायचा, आधी मनोरे आणि मग मधली कमान. मी तिच्या मांडीला टेकून बघत बसायची. ती मला एखादा रुपया धरू द्यायची आणि सांगायची, ‘दाबून धर. पडला तं आवाजावरून कळतं, चांदी का कथील.’ मला तो मुद्दाम पाडायचा असायचा, आवाज ऐकायला. तिला ते माहीत असायचं. ती दुसरीकडं बघायची.

संध्याकाळी पूजा. चौरंगावर लाल कापड, त्यावर ते रुपये, शेजारी नवी केरसुणी, कापसाचं बोंड, धान्याचं माप. बाबा आणि आई पाटावर. मागं काका आणि काकू. हळदीकुंकू वाहायला एकेकानं पुढं यायचं, आम्ही पोरंसुद्धा. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिनं पुढं यायचं नाही. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं लक्ष्मीला हात लावला तर म्हणे लक्ष्मी रुसते. दुपारभर तिच्याच अंगठ्याखाली रगडून घेताना रुसत नव्हती वाटतं! मी एकदा मोठ्यानं विचारलं, ‘आत्या का नाही येत?’ आई म्हणाली, ‘प्रसाद घे आणि गप बस.’ मी प्रसाद घेतला. गप बसले नाही, तेव्हाही आणि नंतरही, पण आमच्या घरात पोरीचं बोलणं म्हणजे कुकरची शिट्टी. वाजली की लोक आच कमी करतात.

आज्यानं घालून दिलेली रीत मात्र घर नेटानं पाळत आलं. गावात स्लॅबचं घर झालं, त्याच्या चरात एक रुपया गेला. चुलतभावानं जाफराबादेत खताचं दुकान बांधलं, तिथं एक. काकांनी जालन्यात फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. आता तिसऱ्या मजल्याला पाया कुठून आणायचा? पण रीत म्हणजे रीत. काका फुलं, नारळ आणि हाली रुपया घेऊन बिल्डरकडं गेले आणि त्याला गळ घातली की कॉलमचं काँक्रीट पडताना हा आत टाका. बिल्डरनं तोंड गंभीर ठेवून टाकला. म्हणजे आमची लक्ष्मी आज त्या बिल्डिंगीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना सारखीच पावत असणार, पार्किंगमधल्या स्कूटरींसकट. काकांना हे बोलून दाखवलं तर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग ट्रॅक्टर आला. त्याच्यासाठी पत्र्याचं शेड उभं करायचं ठरलं. चार लोखंडी खांब, वर पत्रे, झालं शेड. त्यालाही पाया म्हणायचं असेल तर म्हणा. बाबांनी स्वतः खड्ड्यात उतरून रुपया ठेवला, कुंकू वाहिलं, आणि सगळ्यांनी ट्रॅक्टरपुढं नारळ फोडला. आत्यानं पेढे वाटले. मी तेव्हा पेढा खाल्ला, आणि आतासुद्धा तो घशात अडकतो.

मी कधी कधी विचार करते, ते मडकं पुरून ठेवणारा कोण असेल? वाणी, पाटील, मुसलमान, बामण? कसल्या धामधुमीत त्यानं ते दगडाखाली सारलं असेल आणि परत का आला नसेल? त्याची लेकरंबाळं कुठं असतील? ह्यातलं आम्हाला काही, काही माहीत नाही. त्या अनोळखी माणसाचा रुपया आमच्या घराण्याची इभ्रत होऊन बसला, आणि ज्या पोरीनं तो वर काढला ती मात्र परकी! ह्याला वारसा म्हणतात. पूजेला बसताना लोक असे डोळे मिटतात, जसं काही आज्याच्या पणज्यानं घाम गाळून ते कमावले होते.

आत्याला घरकुल मंजूर झालं. सरकारी योजनेतलं, एका खोलीचं, तिच्या स्वतःच्या नावावर. गावाच्या दुसऱ्या टोकाला पंचायतीनं जागा दिली. घरात जो गहजब झाला! बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील, भावांनी म्हातारपणी बहिणीला बाहेर काढली. काका म्हणाले, इथं काय कमी पडलं तुला? शेवटी मी तिला एकटीला गाठून विचारलं, ‘आत्या, खरंच जायचंय का तुला? का रागानं?’

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, ‘राग कशाचा, पोरी. सगळा जन्म दुसऱ्याच्या दाराच्या कड्या लावल्या. मरायच्या आधी एकदा माझ्या दाराला आतून कडी लावून निजायचं हाये. बस.’

हीच ती बाई, जिनं बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांच्या नावे करून दिला, तहसीलात जाऊन, हूं की चूं न करता. परत येताना तिला एक कप चहा पाजला होता. तिनं ह्या घराकडं जन्मात एकच गोष्ट मागितली आणि ती सांगायलाच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

दोन वर्षांमागच्या भाऊबीजेची गोष्ट. खरं तर भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं, तिच्या हातचं जेवायचं असतं. पण आत्याला घर कुठलं? त्यामुळं आमच्याकडं ती चुलीपासून उठायची, हात पुसायची, ओसरीवर यायची आणि भावांना ओवाळून परत चुलीपाशी जायची. त्या वर्षी तिच्या घरकुलाचा चर खांदून तयार होता, दिवाळी झाली की पाया भरायचा होता. बाबा आणि काका पाटावर बसले. आत्यानं कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट खाली ठेवलंच नाही. ताट हातात असताना बहिणीनं मागितलेलं मोडू नये म्हणतात. म्हणूनच तिनं ती वेळ धरली असणार.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘औंदा साडी नगं, पैशे बी नगं. त्या थैलीतला एक रुपया टाक ताटात. माझा चर खांदून ठिवलाय.’

बाबांनी काकांकडं पाहिलं. भानुदासकाका म्हणाले, ‘आक्का, आसं कसं? घरची लक्ष्मी हाये ती. लेकीच्या घरी गेली तं हे घर रिकामं होतं.’

‘हे घर रिकामं काहून होईल? मी हितलीच हाये की. सगळा जन्म हितंच राह्यले.’

‘राह्यली, बराबर. कुणी न्हाई म्हणलं का? दवाखाना केला, खर्चा केला, समदं केलं. पण आता तू वेगळी व्हायली ना. तुझं घर वेगळं, आमचं वेगळं.’

‘बरं, वेगळी तं वेगळी. मंग बहिणीला वेगळ्या घरी देतात तसा दे. एकच मागून राह्यले मी, भानुदास. समदे न्हाई मागत.’

बाबांनी खिशातून नोटा काढल्या आणि ताटात ठेवल्या. ‘घे, गया. सणाच्या दिवशी हट्ट नको करू.’

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, ‘बाबा, ट्रॅक्टरच्या शेडला दिला होता ना तुम्ही?’

बाबा म्हणाले, ‘ट्रॅक्टर घरचा हाये.’

इतक्या सहज म्हणाले! रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. बाजरी आतल्या खोलीत ठेवलीये, तसं. मला अजून कुणी ह्याहून वाईट वाक्य बोलल्याचं आठवत नाही, आणि ते बोलणारा माणूस वाईट नाही, हीच खरी चीड आहे. वाईट असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्या माणसानं मला शिकवलं, जालन्याला होस्टेलला ठेवलं, गावात नावं ठेवली तरी ऐकून घेतलं. आणि त्यालाच ट्रॅक्टर घरचा वाटतो आणि पाठची बहीण नाही. मी बोलले, खूप बोलले. आईनं मला दंडाला धरून आत नेलं. ‘मलाबी वाटतं द्यावा,’ आई कुजबुजली, ‘पण हे देवाधर्माचं हाये, सुमा. त्यात आपण पडू ने.’ देवाचं काय घेऊन बसलीस, आई! देव बिचारा चौरंगावर गप बसलेला असतो. सगळं बोलणं तर पाटावरचे करतात.

बाहेर आत्या ताट घेऊन तशीच उभी होती. निरांजनातलं तूप संपत आलं होतं. मग तिनं नोटा उचलल्या, पदराला बांधल्या आणि विचारलं, ‘वाढू का जेवायला?’

पायाभरणीला मी रजा काढून गेले. ते दिवस फार सुंदर असतात हो आमच्याकडं. तुरीला पिवळा फुलोरा, ज्वारी घोट्याएवढी, ऊन अंगाला लागतं पण टोचत नाही, आणि कापसाच्या रानातून बायकांचं बोलणं लांबून ऐकू येतं, शब्द कळत नाहीत तरी बरं वाटतं. मला मात्र काही बरं वाटत नव्हतं. मी मस्तगडातून चांदीचं एक नवं नाणं घेऊन गेले होते, जड, चकचकीत. म्हटलं, तिला देऊ, निदान चर रिकामा जायला नको. आत्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. ‘लई छान हाये,’ म्हणाली आणि माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हातानं परत ठेवलं.

‘मला चांदी पाह्यजे असती तं तुलाच मागितली असती, पोरी. तू कमावती हायेस. हे बाजारातलं हाये. ते माझ्या हातानं निघाल्तं.’

गवंडी हळद, सुपारी, नारळ मांडून बसला होता. त्यानं विचारलं, ‘आजी, नाणं कुठाय? चरात नाणं लागतं.’ भावांच्या घरून कुणी येतं का म्हणून आत्यानं रस्त्याकडं एकदा पाहिलं. एकदाच. काकांची मोटारसायकल तेवढ्यात वळणावरून शेताकडं निघून गेली, थांबली नाही. आत्या गवंड्याला म्हणाली, ‘दगड घाल. दगडाचं बी घर उभं राह्यतंच की.’ त्यानं दगड घातला. मी बाजूला जाऊन रडले आणि मला माझ्या रडण्याचाही राग आला.

गेल्या दिवाळीपर्यंत ती तिच्या घरी राहायला गेली होती. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बाबांनी नेहमीसारखी थैली काढली आणि नेहमीसारखी अंगणात आणून ठेवली. तिथं बसायला कुणी नव्हतं. काकूनं घाईघाईत दंतमंजन लावून रुपये पुसले. ते ना काळे राहिले ना पांढरे झाले. संध्याकाळी लाल कापडावर ते डाग पडल्यासारखे दिसत होते. पूजा चालू असताना बाबा पुन्हा पुन्हा दाराच्या चौकटीकडं बघत होते, तिथं कुणी उभं नव्हतं. मी हे बघितलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. बघा म्हटलं, अजून बघा.

भाऊबीजेच्या सकाळी बाबा मला म्हणाले, ‘गयाकडं जायचंय. तू चल संगं.’ काका आले नाहीत. त्यांना पोट दुखत होतं, म्हणे. आम्ही दोघं गावातून चालत निघालो. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं, आणि उजवा हात सारखा खिशाकडं जात होता. मला कळलं खिशात काय आहे ते. घर बांधून झाल्यापासून ते एकदाही तिकडं फिरकले नव्हते. गाव केवढं, तर ह्या टोकाला शिंकलं की त्या टोकाला ऐकू येतं.

आत्याचं घर! दाराला हिरवा रंग, वर झेंडूचं तोरण, उंबऱ्यापुढं चार ठिपक्यांची का होईना रांगोळी. आतून भाजक्या डाळी-मसाल्याच्या येसराच्या आमटीचा वास येत होता. बाबा उंबऱ्यापाशी थांबले. आमच्या बाबांना दाराशी थांबायची सवय नाही. गावातल्या कुठल्याही घरात ते खाकरत सरळ आत जातात. तिथं मात्र ते थांबले आणि म्हणाले, ‘गया, येऊ का?’

‘ये की. वहाणा तिथंच काढ, आत पुसलंय.’

तिनं पाट मांडला. बाबा बसले. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. बाबांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि हाली रुपया ताटात ठेवला. तो खणकन वाजला. मला वाटलं, आलं एकदाचं. उशिरा का होईना, आलं.

आत्यानं ताट खाली ठेवलं. रुपया उचलला, अंगठ्यानं पुसला. ‘कुणी घासला रे? काळाच राह्यलाय.’

‘तू नव्हती ना,’ बाबा म्हणाले.

तिनं तो कपाळाला लावला. मग बाबांचा हात हातात घेतला, तळव्यावर रुपया ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली. ‘आता नगं, दादा. पाया बुजला.’

‘मंग देवघरात ठेव.’

‘देवघरात माझे देव हायेत. हे मी जमिनीत घालायला मागितल्तं, आबानं सांगितल्यापरमाणं. आता काय फरशी उकलू का?’

बाबांनी मूठ तशीच तिच्यापुढं धरली. ‘गया, भावाची ओवाळणी परत करत नसतात.’

‘न्हाई करत. आन् बहिणीनं ताट धरून मागितलेलं मोडत बी नसतात,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. जेवणाचं ताट पुढं सरकवून पोळीवर तूप वाढत वाढतच म्हणाली. ‘जेव. आमटी निवून राह्यली.’

बाबा जेवले. मान खाली घालून, सगळं संपवून जेवले. तिनं आग्रह केला तेव्हा आणखी एक पोळी घेतली. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी नाचेन. बापाची मिटलेली मूठ बघून माझा जीव तुटत होता, आणि त्याच वेळी मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं की एवढंच होतं ना तुमच्या खिशात, एवढंसंच, मग वर्षभर आधी द्यायला काय झालं होतं? त्या चरात ते मावलं नसतं? दोन्ही वाटणं खरं होतं. त्यातलं रागाचं जास्त खरं होतं, आजही आहे.

निघताना आत्या दारापर्यंत आली. ‘येत जा, दादा,’ म्हणाली. आम्ही चार पावलं गेलो असू, मागं तिच्या दाराची कडी वाजली. आतून.

चावडीपाशी बाबा थांबले. मूठ अजून मिटलेलीच होती. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, ‘सुमा, हे कुणाला सांगू नको. बहिणीनं ओवाळणी परत केली म्हणल्यावर गावात आपली काय राह्यली?’

मी हो म्हटलं नाही.